पी ०१७१ पुसला तरी परत येतो: इंधनाच्या मॅपला हात लावण्याआधी काय तपासावे

इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचे ट्यूनिंग शिकू लागलेल्या माणसासमोर लवकरच अशी एक गाडी येते, जिचा चेक इंजिनचा दिवा स्कॅनरने विझवला तरी आठ-पंधरा दिवसांत पुन्हा लागतो. कोड प्रत्येक वेळी तोच असतो: पी ०१७१, म्हणजे पहिल्या बँकेतले (सिलिंडरांच्या पहिल्या रांगेतले) मिश्रण लीन आहे, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे. लॅपटॉप हाताशी असतो, इंधनाचा तक्ता, म्हणजेच मॅप, उघडता येत असतो, त्यामुळे सगळ्या खान्यांत सरसकट दहा-बारा टक्के पेट्रोल वाढवून फाइल परत चढवण्याचा मोह होतो. दिवा काही दिवस लागत नाही, गिऱ्हाईक खूश होते, आणि मग एक तर तोच कोड परत येतो किंवा त्याच्या जागी मिश्रण रिच असल्याचे सांगणारा पी ०१७२ येतो आणि ॲव्हरेज पडते.

या दोषाचा उगम मॅपमध्ये क्वचितच असतो. कंपनीतून आलेली गाडी काही वर्षे नीट चालून मग लीन दाखवू लागली असेल, तर तक्त्यातले आकडे आपोआप बदललेले नसतात. ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, मिळणारे एखादे मोजमाप तरी चुकलेले असते, किंवा ईसीयूने मागितलेले पेट्रोल प्रत्यक्षात सिलिंडरपर्यंत पोहोचत नसते. चुकीच्या मोजमापावर बरोबर मॅप बसवता येत नाही, म्हणून ट्यूनिंगचा पहिला धडा मॅप बदलण्याचा नसून ईसीयू स्वतः करत असलेली दुरुस्ती वाचण्याचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

ट्रिम वाचल्याशिवाय कोड पुसू नये

क्लोज्ड लूपमध्ये चालताना ईसीयू एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडे पाहून पेट्रोल सतत कमी-जास्त करत असते. त्या क्षणाची दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम, आणि तीच दुरुस्ती वारंवार एकाच दिशेने करावी लागली की ती जिथे साठवली जाते ती लाँग टर्म फ्युएल ट्रिम. दोन्ही टक्क्यांत दिसतात. अधिक चिन्ह म्हणजे ईसीयू पेट्रोल वाढवत आहे, वजा चिन्ह म्हणजे कमी करत आहे. दोहोंची बेरीज अधिक-वजा पाच टक्क्यांच्या आत असेल तर गाडी उत्तम म्हणावी, दहापर्यंत चालवून घ्यावी, आणि लाँग टर्म ट्रिम साधारण वीस ते पंचवीस टक्क्यांना जाऊन टेकली की बहुतेक गाड्या पी ०१७१ नोंदवतात. म्हणजे दिवा लागतो तेव्हा दोष नवा नसतो. ईसीयू कित्येक दिवस तो सांभाळत आलेले असते आणि आता त्याची मर्यादा संपलेली असते.

कोड पुसला किंवा बॅटरीची तार काढली की ही साठवलेली शिकवण शून्यावर येते आणि दोषाचा पुरावाही तिच्याबरोबर जातो. त्यामुळे गाडी गॅरेजात आल्यावर आधी कोडबरोबर साठलेली फ्रीझ फ्रेम उतरवून घ्यावी. त्यात कोड लागला त्या क्षणीचे आरपीएम, लोड, पाण्याचे तापमान आणि ट्रिम असतात. मग इंजिन पूर्ण तापवून तीन ठिकाणची ट्रिम लिहून काढावी: आयडलिंगला, उभ्या गाडीत २५०० आरपीएम धरून, आणि चढावर तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये एकसारखा ॲक्सिलरेटर दाबून. ब्लूटूथचा साधा ओबीडी रीडर आणि मोबाइलमधले ॲप यासाठी पुरते. फक्त एका वेळी चार-पाचच आकडे निवडावेत, कारण हे स्वस्त रीडर यादी लांबली की इतके सावकाश आकडे देतात की क्षणिक बदल निसटून जातात.

आता हे तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. आयडलिंगला अधिक २२, २५०० ला अधिक ७ आणि चढावर अधिक ३ असे दिसले, तर कुठून तरी ठरावीक हवा न मोजता आत शिरत आहे. आयडलिंगला इंजिन मुळातच थोडी हवा ओढते, त्यात ही चोरटी हवा मोठी वाटते, आणि थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, उघडला की एकूण हवेच्या मानाने ती नगण्य होते. उलट आयडलिंगला अधिक ४ आणि चढावर अधिक २० असे दिसले, तर पेट्रोलचा पुरवठा मागणीला पुरत नाही किंवा आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर जास्त हवेला कमी सांगत आहे. तिन्ही ठिकाणी जवळपास सारखाच आकडा असेल, तर पेट्रोलचा दाब, इंधनाचा प्रकार किंवा ऑक्सिजन सेन्सरच्या आधीची गळती यांपैकी एकाकडे वळावे.

हवा कशाने मोजली जाते, हे आधी पाहावे

वरचा नियम सांगताना एक गोष्ट सर्रास गाळली जाते आणि शिकणाऱ्यांची फसगत तिथेच होते. न मोजलेल्या हवेमुळे मिश्रण लीन होते, हे एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत खरे आहे, कारण तो सेन्सर एअर फिल्टरजवळ बसतो आणि त्याच्या पुढे फुटलेल्या नळीतून आत आलेली हवा त्याला कळत नाही. पण आपल्याकडच्या पुष्कळ छोट्या पेट्रोल गाड्यांत एअरफ्लो सेन्सर नसतोच. तिथे मॅनिफोल्डमधला दाब आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान यांवरून हवेचा हिशेब होतो. अशा गाडीत थ्रॉटलच्या पुढे नळी फुटली तर मॅनिफोल्डमधला दाब वाढतो, तो दाब सेन्सरला दिसतो आणि ईसीयू त्या हवेपुरते पेट्रोल आपण होऊन वाढवते. परिणामी मिश्रण फारसे लीन होत नाही, आयडलिंगचे आरपीएम मात्र चढलेले राहतात. गळती एखाद्याच सिलिंडरच्या तोंडाशी, म्हणजे इंजेक्टरच्या रबरी सीलपाशी किंवा मॅनिफोल्डच्या गॅसकेटमध्ये असेल, तर तो एक सिलिंडर लीन होतो आणि आयडलिंगला मिसिंग जाणवते. म्हणून दाब सेन्सरच्या गाडीत पी ०१७१ आला की नळ्या हुंगत बसण्याआधी पेट्रोलचा दाब, प्लग-कॉइल, सायलेन्सरच्या बाजूची गळती आणि खुद्द दाब सेन्सर यांच्याकडे पाहणे शहाणपणाचे ठरते.

दाब सेन्सर तपासायला काही खोलावे लागत नाही. चावी ऑन करून इंजिन सुरू न करता त्याचा आकडा वाचावा, कारण त्या वेळी मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्याच हवेचा दाब असतो. मुंबईत तो १०० ते १०१ किलोपास्कलच्या आसपास दिसायला हवा, पुण्यात ९५ च्या जवळ आणि महाबळेश्वरात ८६ च्या जवळ. इथे एक गोंधळ हमखास होतो. मोबाइलमधले हवामानाचे ॲप पुण्यातही १०१० हेक्टोपास्कल, म्हणजे १०१ किलोपास्कल दाखवते, आणि सेन्सर ९५ दाखवतो म्हणून तो बिघडला असे समजून नवा मागवला जातो. ॲपमधला आकडा समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो, सेन्सरला मात्र पुण्याच्या उंचीवरची खरी हवा दिसत असते. पुण्यात ९५ दाखवणारा सेन्सर चांगला आहे. काळजी करायची तर १०१ दाखवणाऱ्याची करावी, मात्र तो जास्त दाब सांगत असल्याने मिश्रण रिच करील, लीन नव्हे. इंजिन तापल्यावर, एसी बंद ठेवून, आयडलिंगला हाच आकडा साधारण ३० ते ४० किलोपास्कलवर स्थिरावतो.

सापडत नाहीत अशा गळत्या

एअरफ्लो सेन्सरच्या गाडीत गळती शोधताना सर्वांत जास्त त्रास देते ती एअर फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंत जाणारी घडीदार रबरी नळी. तिची चीर बहुधा खालच्या बाजूच्या घडीत, वरून नजरेस न पडणाऱ्या जागी असते. गाडी उभी असताना ती घडी मिटलेली राहते आणि चीर बंद असते. रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन माउंटिंगवर मागे झुकते, नळी ताणली जाते आणि चीर उघडते. गॅरेजात गळती शोधायला नळ्यांत धूर सोडूनही काही निघत नाही आणि घाटात कोड लागतो, तो यामुळे. नळी काढून, हातात घेऊन, प्रत्येक घडी अंगठ्याने उलगडून उजेडात पाहण्याला पर्याय नाही. इंजिनाचे माउंटिंग बसलेले असेल तर नवी नळीसुद्धा त्याच जागी फाटते, म्हणून दोन्हींचा विचार एकत्र करावा.

पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेल्या बारीक व्हॅक्यूम नळ्या हे कारणही नेहमीचे आहे. क्रँककेसची वाफ मॅनिफोल्डकडे नेणारी नळी तेलाने फुगून मऊ पडते आणि टोकाशी सैल होते, ती बोटांनी दाबून पाहावी. टाकीतली पेट्रोलची वाफ आत सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला तर ट्रिम टाकीच्या अवस्थेप्रमाणे हेलकावे खाते: टाकी नुकतीच भरली असेल तर वजा, वाफ कमी असेल तर अधिक. अशा वेळी पर्जची नळी चिमटून ट्रिम बदलते का ते पाहिले की उत्तर लगेच मिळते.

गळती शोधायला कार्ब क्लीनर फवारण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर तो पडला तर आग लागते, म्हणून ती मी शिकवत नाही. स्मोक मशीन उपलब्ध असेल तर तेच वापरावे.

सायलेन्सरच्या बाजूची गळती वेगळ्या तऱ्हेने फसवते. पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी मॅनिफोल्डचे गॅसकेट गळत असेल, तर एक्झॉस्टच्या ठोक्यांमधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो आणि मिश्रण बरोबर असतानाही ईसीयू पेट्रोल वाढवत राहते. मिसिंगचेही तसेच आहे. प्लग पेटला नाही तर पेट्रोल जळत नाही, पण हवेतला ऑक्सिजनही तसाच बाहेर येतो, आणि सेन्सर फक्त ऑक्सिजन ओळखत असल्याने तो लीन सांगतो. या दोन्ही प्रकारांत ऑक्सिजन सेन्सर आपले काम चोख करत असतो. तरीही पी ०१७१ आल्यावर सर्वांत आधी बदलला जाणारा भाग तोच असतो, आणि गिऱ्हाइकाचे काही हजार रुपये त्यात विनाकारण जातात. साध्या, नॅरोबँड सेन्सरचा व्होल्टेज तापलेल्या इंजिनात ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान झपाट्याने खालीवर होत असेल, आणि मुद्दाम थोडे पेट्रोल वाढवल्यावर तो ताबडतोब वर जाऊन थांबत असेल, तर त्याला हात लावू नये.

पेट्रोल पोहोचते का

इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. ४ बारचा दाब ३ बारवर आला तर पेट्रोल चौथ्या हिश्शाने कमी होत नाही, साधारण तेरा टक्क्यांनी कमी होते, आणि तेवढे ट्रिम सहज भरून काढते. त्यामुळे थकलेला पंप कित्येक महिने लपून राहतो. टाकीतल्या पंपाची जाळी गाळाने भरली असेल तर आयडलिंगला दाब पूर्ण दिसतो आणि मागणी वाढली की तो कोसळतो, म्हणून गेज लावून फक्त उभ्या गाडीत दाब पाहणे पुरेसे नाही. तो लोडवर, म्हणजे रोलर डायनोवर (चाके रोलरवर फिरवून लोड देणाऱ्या यंत्रावर) किंवा गेज सुरक्षित बांधून दुसऱ्या माणसाच्या मदतीने, पाहावा लागतो. जोडणी करताना लाइनमधला दाब आधी उतरवावा आणि आग विझवण्याचे नळकांडे हाताशी ठेवावे.

ई-२० चा हिशेबही इथेच करावा लागतो. २०२३ च्या फेब्रुवारीत निवडक पंपांवर सुरू झालेले वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२५ पर्यंत देशातल्या बहुतेक पंपांवर आले. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते, ई-१० ला १४.१ आणि ई-२० ला १३.५. म्हणजे ई-१० वर शून्याजवळ असलेली ट्रिम ई-२० वर चारेक टक्क्यांनी वर सरकणे स्वाभाविक आहे, आणि शुद्ध पेट्रोलसाठी बेतलेल्या जुन्या गाडीत ती सात-आठ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. हा दोष नव्हे. पण एवढी जागा इंधनानेच व्यापल्यावर, पूर्वी अधिक १४ वर गप्प बसलेली बारीक गळती आता वीस ओलांडते आणि दिवा लावते. गिऱ्हाईक नव्या पेट्रोलला दोष देते, मिस्त्री सेन्सरला देतो, आणि गळती तशीच राहते.

याच कारणासाठी वाइडबँड मीटर, म्हणजे मिश्रणाचे नेमके प्रमाण दाखवणारा मीटर, लावणाऱ्याने हवा-इंधनाच्या आकड्याऐवजी लॅम्डा वाचण्याची सवय लावून घ्यावी. टाकीतल्या इंधनाला जेवढी हवा लागते त्याच्या किती पट हवा मिळते, तो आकडा म्हणजे लॅम्डा; अचूक मिश्रणाला तो एक असतो. मीटरवरचा १४.७ हा लॅम्डा एकला शुद्ध पेट्रोलच्या पटीने गुणून दाखवलेला आकडा असतो. टाकीत ई-२० असताना मिश्रण अगदी अचूक असले तरी मीटर १४.७ च दाखवतो, आणि १३.५ दिसावे म्हणून कुणी पेट्रोल वाढवत गेले तर तो प्रत्यक्षात आठ टक्के रिच गाडी तयार करतो. वाइडबँड नसेल तर पीयूसी केंद्रावरचे चार वायूंचे यंत्र उपयोगी पडते. २५०० आरपीएमच्या आसपास ते लॅम्डा दाखवते आणि नव्या पेट्रोल गाड्यांसाठी तो एकच्या ०.०३ वर-खाली या पट्ट्यात असावा लागतो.

भाग बदलल्यामुळे आलेले दोष

ट्यूनिंगच्या हौसेने केलेले बदल स्वतंत्रपणे पाहिले पाहिजेत, कारण त्यांत मॅप खरोखरच बदलावा लागतो. एअरफ्लो सेन्सर ६० मिलिमीटरच्या नळीतून काढून ६५ च्या नळीत बसवला, तर नळीचे क्षेत्रफळ सतरा टक्क्यांनी वाढते, तेवढीच हवा सावकाश वाहते आणि सेन्सर सुमारे पंधरा टक्के कमी हवा सांगतो. इथे दुरुस्ती इंधनाच्या तक्त्यात न करता सेन्सरच्या कॅलिब्रेशनमध्ये करावी, कारण इग्निशनचा हिशेबही त्याच हवेवर चालतो. ईसीयूला लोड कमी वाटला की ते स्पार्क जास्त आधी देते आणि नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकण्याचा, धोका वाढतो. तेल लावलेले कापडी फिल्टर बसवले असतील तर सेन्सरमधल्या तारेवर तेलाचा थर बसून हाच परिणाम हळूहळू होतो. त्याला सेन्सरसाठीचाच क्लीनर वापरावा आणि तारेला ब्रश लावू नये.

मोठे इंजेक्टर बसवल्यावर त्यांचा डेड टाइम, म्हणजे वीज मिळाल्यापासून सुई उघडेपर्यंत वाया जाणारा वेळ, नीट भरला नाही तर आयडलिंगचीच ट्रिम बिघडते. आयडलिंगला इंजेक्टर एकूण २.२ मिलिसेकंद उघडा असेल आणि त्यातला एक मिलिसेकंद वाया जात असेल, तर ०.२ मिलिसेकंदाची चूक उरलेल्या १.२ च्या मानाने सतरा टक्के होते, आणि लोडवर दहा मिलिसेकंदात ती दोनच टक्के राहते. आकड्यांचा हा नमुना हवेच्या गळतीसारखाच दिसतो. फरक ओळखायचा तर हेडलाइट, पंखा आणि मागची काच तापवणारी तार चालू करून व्होल्टेज थोडा खाली आणावा. डेड टाइम व्होल्टेजवर अवलंबून असल्याने तो चुकलेला असेल तर ट्रिम त्याबरोबर सरकते. गळती असेल तर ती फारशी हलत नाही.

सीएनजीचे सीक्वेन्शियल किट असलेल्या गाडीची गोष्ट मी शिकणाऱ्यांना नेहमी सविस्तर सांगतो, कारण मुंबई-पुण्यात अशा गाड्या अगणित आहेत आणि त्यांत दोष एका इंधनाचा व तक्रार दुसऱ्याची असते. किटचे ईसीयू पेट्रोलच्या ईसीयूने ठरवलेली इंजेक्शनची वेळ घेते, तिला आपल्या तक्त्यातल्या गुणकाने गुणते आणि गॅसचे इंजेक्टर उघडते. ऑक्सिजन सेन्सर मात्र पेट्रोलच्याच ईसीयूला कळवत राहतो. गॅसचा फिल्टर चोंदला किंवा रिड्यूसरचा (गॅसचा दाब कमी करून देणाऱ्या भागाचा) दाब उतरला, की गॅसवर मिश्रण लीन होते, पेट्रोलच्या ईसीयूची लाँग टर्म ट्रिम वर चढते, आणि सकाळी थंड इंजिन पेट्रोलवर सुरू झाले की तीच चढलेली ट्रिम पेट्रोलला लागून गाडी रिच होते, धक्के खाते. ती पेट्रोलवर नीट चालत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या गाडीचा पेट्रोल मॅप बदलणे म्हणजे चांगले असलेले बिघडवणे होय. आधी गाडी फक्त पेट्रोलवर चालवून ट्रिम जागेवर येते का पाहावे. मग त्याच आरपीएमला आणि त्याच लोडला दोन्ही इंधनांवर पेट्रोल इंजेक्शनची वेळ वाचावी. पेट्रोलवर ३.२ मिलिसेकंद आणि गॅसवर ३.९ दिसत असेल, तर गॅस कमी पडतो आहे. फिल्टर आणि रिड्यूसर तपासल्यावरही फरक राहिला, तरच गुणक वाढवावा.

आणखी एक कारण लीनच्या उलट दिशेचे आहे, पण ते निकाल बिघडवते म्हणून इथेच नोंदवतो. उकाड्याच्या भीतीने आपल्याकडे थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून टाकण्याची पद्धत अजून आहे. त्यामुळे हायवेला पाणी ६०-६५ अंशांच्या वर जात नाही, ईसीयूला इंजिन अजून गार वाटते आणि ते वाढीव पेट्रोल देत राहते. अशा गाडीत केलेले कुठलेही मोजमाप ग्राह्य धरू नये. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी पाण्याचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान दोन-तीन अंशांच्या फरकाने सारखे दिसते का, हे पाहिले की दोन्ही सेन्सरची शहानिशा होते.

दुरुस्ती झाल्यावर

दोष सापडून दूर झाला की मगच ट्रिम शून्यावर आणावी आणि आधी लिहून ठेवलेल्या त्याच तीन ठिकाणी, शक्यतो त्याच चढावर आणि त्याच पंपाच्या पेट्रोलवर, आकडे पुन्हा घ्यावेत. शिकवण स्थिरावायला थंड इंजिनापासून सुरू होणाऱ्या काही फेऱ्या द्याव्या लागतात, एका संध्याकाळच्या चक्करीवर निकाल देऊ नये. मधल्या काळात कुणी इंधनाच्या तक्त्यात वाढ केलेली असेल, तर ती मूळ फाइल चढवून काढून टाकणे अत्यावश्यक आहे, कारण गळती बंद झाल्यावर ती वाढ पूर्णपणे जास्तीची ठरते. याची उलट बाजू अधिक धोक्याची आहे. बऱ्याच ईसीयूंमध्ये लाँग टर्म ट्रिम पूर्ण थ्रॉटललाही लागू होते, जिथे ऑक्सिजन सेन्सरची दुरुस्ती चालू नसते. गळती असतानाच कुणी पूर्ण थ्रॉटलचे मिश्रण वाइडबँडवर जुळवले असेल, तर त्या जुळणीत अधिक पंधरा टक्क्यांची ट्रिम मिसळलेली असते. दुरुस्तीनंतर ट्रिम शून्याजवळ आली की पूर्ण थ्रॉटलला तेवढेच पेट्रोल कमी मिळते आणि भर लोडवर इंजिन लीन चालते. म्हणून गळती बंद केलेल्या, पण आधी ट्यून झालेल्या गाडीला पूर्ण थ्रॉटलची लॅम्डा नव्याने मोजल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नये.